आदल्या दिवशी जागा पाहून ठेवली

धामणगाव बढे

मी चौथी शिकलेला माणूस. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं झाली, धामणगाव बढ्याच्या स्टँडसमोर एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून घरं, प्लॉट, वावरं विकून देतो. लोक दलाल म्हणतात. मलाही तोच शब्द बरा वाटतो. यंदा कार्तिकात मी परीक्षा द्यायला चिखलीला गेलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. ज्यांना जायचं आहे त्यांनी हे वाचावं. ज्यांना नाही जायचं त्यांनीही वाचावं, कारण यात जेवणाचंही आहे.

या वयात कसली परीक्षा, हे स्टँडवरच्या प्रत्येकानं विचारून झालं. सरकारनं नियम केला आहे. नव्या ले-आउटातले प्लॉट आणि नव्या स्कीमची घरं विकायची तर दलालानं आधी शिकवणी घ्यायची, मग परीक्षा द्यायची. पास झाला तरच त्याची नोंदणी टिकणार. आमच्याकडे आता जिकडेतिकडे ले-आउटच पडून राह्यले. जुनी घरं आणि वावरं लोक आपसातच विकतात, त्यावर दुकान चालत नाही. म्हणजे परीक्षा नाही निघाली तर दुकान बंद.

आणि दुकान बंद तर मी पुण्याला. हे मी पोराला कबूल केलं होतं. गजानन पुण्याला नोकरीला आहे, सातव्या मजल्यावर राहतो. आषाढात आमची बुढी गेली. तेरावं झालं आणि तो म्हणाला, "बाबा, एकट्यानं राह्याचं नाही आता. चाला."

मी म्हणालो, "मले परीक्षा देऊ दे. निघाली तर इथंच राहीन. नाही निघाली तर कुलूप लावून येतो."

शब्द दिला. आमच्या धंद्यात शब्द म्हणजे इसार, दिला की दिला.

पुण्याचं घर वाईट नाही. लिफ्ट आहे, सूनबाई चांगली आहे. पण इथल्या घरात मी बाहेरून आलो की ओसरीवरून म्हणतो, "पाणी आण वं." मग आत जाऊन माझं मीच घेतो. असं म्हणायला घर तेच लागतं. सातव्या मजल्यावर कोणाला म्हणू?

बुढी म्हणजे माझी बायको. जिवंतपणी नाव घ्यायची सवय नव्हती, आता कशाला घेऊ. ती सातवी शिकलेली. गिऱ्हाईक मी आणायचो, कागद ती वाचायची. सातबारा, खरेदीखत, सगळं. ही शिकवणीही मोबाईलवर होती. तिनं मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला आणि शेंगा फोडत फोडत सगळं ऐकलं. मी बाजूला बसून डुलक्या घ्यायचो. शिकवणारा बंद झाला की ती सुरू व्हायची.

"कार्पेट एरिया म्हंजे काय, सांगा."

"सतरंजी टाकतात तेवढा."

"सतरंजी नाही. घरात मी जेवढ्या जागेत झाडू मारते तेवढा. बाहेरच्या भिंती सोडून."

"अन् बालकनी?"

"बालकनी नाही धरायची."

"काऊन? तिथं झाडू नाही मारत का?"

हातातली शेंग फोडून ती म्हणाली, "मारते. तेवढं सरकारचं चुकलं. पण तुम्ही परीक्षेत 'नाही'च लिवा."

फॉर्म तिनंच भरला. तेव्हा ती होती. हॉलतिकीट आलं तेव्हा नव्हती. हॉलतिकिटावर सेंटर पाहिलं तर चिखली. मी चकितच झालो. आम्हाला बुलढाणा जवळ. चिखली त्याच्याही पुढं. बुढी कागदाच्या बाबतीत कधी चुकत नसे, म्हणून मला वाटलं, दुखण्यात बोट भलतीकडे पडलं असेल. चिखलीला तिची धाकटी बहीण कमल आहे, साडू बबनराव आहेत. मुक्कामाची सोय होती, म्हणून गप्प बसलो.

निघायच्या दिवशी एका प्लास्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट, आधार कार्ड, दोन फोटो आणि दुसरा चष्मा घेतला. घराला कुलूप लावताना सवयीनं म्हणालो, "येतो वं." मग एसटी धरली.

राजूरचा घाट

बाहेरच्यांना सांगतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जिल्हे आहेत. घाटाखालचा आणि घाटावरचा. कागदावर एकच, पण पोरगी देताना, भाजीला फोडणी देताना आणि भांडताना दोन. आम्ही घाटाखालचे. आमच्याकडे ऊन जास्त, केळी-कापूस, आणि वांग्याच्या भरतात हिरवी मिरची किती घालायची याला हद्द नाही. घाटावरचे स्वतःला थंड हवेचे समजतात. थंडी आमच्यापेक्षा दोन गोधड्यांनी जास्त असेल, पण ऐट दहा गोधड्यांची. बुढी माहेरची घाटावरची. लग्नानंतर चाळीसएक वर्षं ती मला सांगत राहिली की तुमच्याकडे पंखा ही देवाची मूर्ती आहे.

मोताळा गेलं आणि एसटी राजूरच्या घाटाला लागली. खाली तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, पऱ्हाट्यांत बाया कापूस वेचत होत्या. वर वळणावळणाला सीताफळाची झाडं. या घाटातून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण दर वेळी धंद्याच्या नजरेनं. ही जागा रस्त्याला लागून आहे का, इथं पाणी लागेल का. यंदा पहिल्यांदा नुसता पाहत बसलो. चांगला घाट आहे. विकायला काढला तर मी घेईन.

घाटात एक बाई सीताफळाची टोपली घेऊन चढली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. टोपली माझ्या मांडीवर अर्धी, तिच्या मांडीवर अर्धी.

"बावाजी, कुठी चाल्ले?"

"परीक्षेले."

"पोराच्या?"

"माह्या."

ती इतकी हसली की टोपली कलली आणि पिकलेलं एक सीताफळ फुटून माझ्या पिशवीवर बसलं. पिशवीचं तोंड उघडंच होतं. हॉलतिकीट बाहेर काढलं तर माझ्या फोटोवर, नाकाच्या जागी, पांढरा गर आणि एक काळी बी. बाई घाबरली. पदरानं पुसायला लागली तसं नाकाबरोबर मिशाही गेल्या. मग तिनं मला दोन सीताफळं दिली आणि म्हणाली, "खाऊन घ्या. पास व्हान. माह्या हातचं सीताफळ खाल्लेला माणूस नापास होत नाही."

"किती जणाईनं खाल्लं परीक्षेआधी?"

"तुमीच पहिले."

दोन्ही खाल्ली. साखरेसारखी होती.

चिखली, आदला दिवस

बबनराव स्टँडवर उभे होते. ते एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत, पण अजूनही गाडी थांबली की दारापाशी जाऊन उतरणाऱ्यांना "सावकाश, सावकाश" म्हणतात. माझं हॉलतिकीट पाहून म्हणाले, "साडूभाऊ, फोटो तुमच्यापेक्षा चांगला दिसून राह्यला." पहिलं काम, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नवीन हॉलतिकीट काढलं. एक नाही, तीन. एक खिशात, एक पिशवीत, एक बबनरावांच्या टोपीत. हे मी सगळ्यांना सांगतो, तीन काढा.

दुसरं काम माझं ठरलेलं होतं. मी गिऱ्हाईकाला कोणतीही जागा दाखवायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहून येतो. रस्ता कसा, तोंड कोणीकडे, दुपारी सावली कुठं पडते. न पाहिलेल्या जागेवर मी उभाच राहत नाही. मग परीक्षेला कसा उभा राहणार? म्हणून बबनरावांना घेऊन सेंटर पाहायला गेलो. दोन मजली इमारत, वर कॉम्प्युटरचा क्लास, तिथंच परीक्षा. मी समोरून पावलं टाकून मोजली. बाजूनं मोजली. तोंड पूर्वेला. मागं जाऊन बोअरचं झाकण पाहिलं, पाण्याचं विचारलं. जिना चढून उतरलो, पायऱ्या मोजल्या. एकोणीस. माझ्या गुडघ्याला मध्ये एकदा थांबावं लागणार, म्हणजे लवकर निघावं लागणार. भिंतीवर टकटक करून पाहिलं. बांधकाम पक्कं.

समोरचा चहावाला हे सगळं पाहत होता. त्यानं बबनरावांना विचारलं, "हे कोण?"

बबनराव म्हणाले, "माहे साडू. घाटाखालचे मोठे दलाल हायेत. जागा पाहाले आले."

यात एक शब्द खोटा नव्हता. हाच घोटाळा झाला.

घरी आलो तर अंगणात गोवऱ्यांचा ढीग रचलेला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कमलच्या हातचे रोडगे म्हणजे तोंडात विरघळतात. कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले, वर वांग्याची भाजी. बुढीही करायची, पण ती स्वतः म्हणायची की कमलचे सरस.

"आज रोडगे का?"

"नाही भाऊजी," कमल म्हणाली. "त्या गोवऱ्या अशाच वाळत ठेवल्या. तुम्हाले आज भाकर, मुगाचं वरण अन् मेथी."

"दुखणाईत हाय का मी?"

"परीक्षा हाय न उद्या. गप जेवा."

जेवण झाल्यावर बबनरावांनी मला माउस शिकवायला घेतला. माउस म्हणजे कॉम्प्युटरवर बाण हलवायची डबी. घरात कॉम्प्युटर नाही, म्हणून त्यांनी कपड्याच्या साबणाची वडी आणली आणि टेबलावर ठेवली. "हे धरा. असं सरकवा. उत्तर आलं की पहिल्या बोटानं टचकन दाबा. दुसरं बोट उचलून ठेवा, त्याचं इथं काही काम नाही." मी तासभर साबण सरकवला. कमल मध्ये येऊन म्हणाली, "एवढ्यात एक चादर धुऊन झाली असती."

दिवेलागणीला दारात एक स्कूटर थांबली. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल. आपल्या जातीचा माणूस मी लांबून ओळखतो, दलाल होता. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आवाज खाली आणून म्हणाला, "पाव्हणं, ते कॉम्प्युटरवाल्याची बिल्डिंग तुमच्या हाती हाये म्हंतात. माह्याजोळ गिऱ्हाईक हाये. जालन्याची पार्टी हाये." आणि आकडाही बोलून गेला. आकडा असा होता की बबनरावांचा कप खाली ठेवायचा राहिला.

आता मी सरळ सांगायला पाहिजे होतं की बाबा, मी परीक्षेला आलो आहे. पण चाळीस वर्षांची सवय. या धंद्यात दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं नसतं. 'पाहू' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाहू."

तो खूश होऊन गेला. मी झोपलो. झोप चांगली लागली, मेथीचा गुण असेल.

परीक्षेचा दिवस

सकाळी कमलनं एकेक वस्तू समोर आणून ठेवली. ज्वारीच्या कण्या, ताक. चहा अर्धा कप, मी दुसरा मागितला तर नाही म्हणाली. "दोन कप झाले की तुम्हाले तिथं सारखं उठावं लागते." चष्मा पुसून दिला. डाव्या गुडघ्याला तेल लावून पट्टी बांधायला दिली. शर्टाच्या खिशात खडीसाखरेचे चार खडे टाकले.

मी म्हणालो, "काऊन वं, तुले माह्या डाव्या गुडघ्याचं कोणं सांगतलं?"

"अक्कानं."

अक्का म्हणजे बुढी. कमल खाली बसली आणि म्हणाली, "फॉर्म भरला त्या दिवशी फोन केला होता तिनं. म्हणे, चिखलीचं सेंटर टाकलं. मी नसीन तवा. ते सकाळी उपाशी जातीन, नाहीतर जास्त खाऊन जातीन. रोडगे देऊ नको, खाल्ले की तिथंच झोपतीन. एकेक सांगत गेली, मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं."

कॅलेंडर तिनं उलटं करून दाखवलं. कमलचं अक्षर, बुढीचं बोलणं. कण्या, ताक, अर्धा चहा, गुडघा, खडीसाखर. मला वाटत होतं की तिचं बोट चुकीच्या सेंटरवर पडलं. मी उठून अंगणात गेलो आणि गोवऱ्या पाहत उभा राहिलो. बबनराव मागून आले आणि चार पावलांवरच थांबले. कंडक्टर माणसाला कुठं गाडी थांबवायची ते कळतं.

मग टोपीतल्या हॉलतिकिटासह आम्ही निघालो. दाराशी इमारतीचे मालक स्वतः कागद तपासत होते. चांगले शिकलेले गृहस्थ, पण रात्रभर जागल्यासारखे डोळे. माझं नाव वाचलं, गाव वाचलं आणि कागद हातातच धरून ठेवला.

"धामणगावचे तुम्हीच का? काल माझी बिल्डिंग मोजली?"

"हो."

"कशासाठी?"

"आज परीक्षा हाय. जागा पाहून ठेवावं म्हटलं."

"मग विकायला कुणी काढली? कालपासून फोन चालू आहेत. माझा सख्खा भाऊ, सहा वर्षं बोलत नव्हता, काल त्याचा फोन आला. म्हणे माझा हिस्सा कुठं आहे."

मागं रांग उभी. वर घंटा व्हायला थोडाच वेळ. मला एकदम सातवा मजला दिसला. इथंच अडकलो तर लिफ्टनं वर. आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

मी म्हणालो, "मी विकायला काढली नाही. पण जालन्याच्या पार्टीचा एक दलाल आला होता त्याले मी 'पाहू' म्हटलं. ते चुकलं. फोन लावा त्याले, मी बोलतो."

त्यांनी लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मी म्हणालो, "ती बिल्डिंग विकाची नाही. माह्या हाती नव्हती अन् नाही. मी काल खोटं बोललो."

पलीकडून आवाज आला, "मंग 'पाहू' काऊन म्हटलं?"

"सवय."

रांगेतले सगळे दलालच होते. सगळे हसले. मालकही हसले आणि म्हणाले, "जा वर. एकोणीस पायऱ्या आहेत."

"माहीत हाय," मी म्हणालो.

आत सगळे माझ्या पोराच्या वयाचे. मी माउस धरला. हाताला अजून साबणाचा वास येत होता. दुसरं बोट उचलून ठेवलं. पहिला प्रश्न वाचायलाच वेळ लागला, मग जमलं. बांधलेल्या घराच्या भिंतीला तडे गेले तर बांधणाऱ्यानं किती वर्षांपर्यंत दुरुस्त करून द्यायचं? पाच. हे शिकवताना बुढी म्हणाली होती, "तुम्ही बांधलेली मोरी पाच दिवसांत तडकली होती." एक प्रश्न असा आला की मी एकटाच खुर्चीत हसलो आणि खोलीवर लक्ष ठेवणाऱ्या बाई डोळे वटारून पाहायला लागल्या. विक्रीसंबंधी चुकीची माहिती पसरवणं दलालाला चालतं का? टचकन दाबलं. यावर माझ्याएवढा ताजा अभ्यास त्या खोलीत कोणाचाच नव्हता. आणि अगदी शेवटी आला तो प्रश्न. कार्पेट एरियात बालकनी धरतात का?

खडीसाखर तोंडात टाकली. धरायला पाहिजे, तिथंही झाडू मारावा लागतो. पण 'नाही' दाबलं. तिनं सांगितलं होतं.

खाली आलो तर मालक चहाच्या टपरीवर थांबलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, एक विचारतो. तो माणूस आकडा किती बोलला होता?"

मी कानात सांगितला.

त्यांनी कप बशीत ठेवला. "एवढा?"

"एवढा."

धामणगाव

दुसऱ्या दिवशी मी परत आलो. निकाल लागायला पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत मी ट्रंक काढून ठेवली होती, खोटं कशाला बोलू. दोन धोतरं भरलीही होती. निकाल मोबाईलवर आला तो झेरॉक्सवाल्यानं वाचून दाखवला. पास. मी त्याच्याकडून तीनदा वाचून घेतला आणि तीन प्रती काढल्या.

गजाननला फोन केला. "निघाली," म्हणालो. तो आधी हसला. मग म्हणाला, "बाबा, मले वाटलं होतं नाही निघणार." मी म्हणालो, "मलेही." तो म्हणाला, "मग दिवाळीले आम्हीच येत जाऊ." मी म्हणालो, "येत जा. पंखा हाय."

मग कमलला फोन केला. ती आधी रडली, मग नाक पुसून म्हणाली, "कॅलेंडरच्या मागं अजून एक ओळ होती भाऊजी. तुम्हाले दाखवली नाही. नाही निघाली तर पुन्हा फॉर्म भरायचा, अन् सेंटर चिखलीच टाकायचं."

"अन् निघाली तर?"

"ते नाही लिवलं तिनं." मग म्हणाली, "आता तुम्ही काऊन याल चिखलीले?"

"येत्या बुधवारी येऊन राह्यलो," मी म्हणालो. "त्या बिल्डिंगवाल्याचा फोन आला होता. त्याले खरंच विकाची हाय आता. भाऊही तयार हाय. या कामाले हे सर्टिफिकेट लागतच नाही, जुनी इमारत हाय. पण घेऊन येतो, दाखवाले."

"परीक्षा नाही न काही?"

"नाही. नुसती जागा पाहाची हाय. पाहेलच हाय तसी."

"मंग गोवऱ्या पेटवते," कमल म्हणाली.

बुधवारी मी सात रोडगे खाल्ले आणि त्यांच्या ओसरीवर चार वाजेपर्यंत झोपलो.